खारसाळीचा वाटा

एकदा एका राजाच्या मनात एक चांगला विचार आला. वाईट विचार आला असता तर प्रजेने कसेबसे निभावून नेले असते. वाईट विचारांची प्रजेला सवय असते. चांगला विचार वरून खाली येतो तेव्हा मात्र माणसे बेसावध असतात. त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे, असे कुणालाच वाटत नाही.

त्या राजाच्या राज्यात समुद्राच्या बाजूला एक खाडी होती. भरतीचे खारे पाणी आत शिरून शिरून तिच्या दोन्ही काठांची जमीन अशी होऊन गेली होती की तिथे दुसरे कुठलेही धान तग धरत नसे. रोप वर यायचे, पिवळे पडायचे आणि मरायचे. पण खाडीकाठच्या लोकांपाशी एक भात होते, लाल तांदळाचे, लांब कुसळांचे. त्याला ते खारसाळ म्हणत. बांध ओलांडून पाणी आत आले, रोपे पार बुडाली, तरी ओहोटी लागली की खारसाळ पुन्हा मान वर काढायची. दोन्ही काठांवर माणसे राहत होती ती केवळ या भाताच्या जिवावर. नाहीतर तिथे खेकडे राहिले असते आणि बगळे.

कधीकाळी एक परगावचा व्यापारी खाडीवर येऊन गेला. जाताना त्याने टोपलीभर बी मागितले आणि लोकांनी दिले. त्यात काही विशेष नव्हते, मागेल त्याला ते देतच असत. व्यापाऱ्याने दूर देशी आपल्या मोठ्या खाजणात, म्हणजे अशाच खाऱ्या जमिनीत, ते लावले. तिकडचे वैद्य म्हणू लागले की हा लाल तांदूळ फार बलवर्धक आहे, आणि वैद्याने नाव घेतलेली वस्तू श्रीमंतांना लगेच गोड लागते. व्यापाऱ्याची एका होडीची जहाजे झाली. खाडीकाठचे लोक होते तिथेच राहिले.

ही हकीकत राजाच्या कानी गेली. तो म्हणाला, "ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बी जपलं, त्यांना या लाभात वाटा मिळालाच पाहिजे. आणि खारसाळीपुरतंच नको. राज्यातल्या प्रत्येक धान्याला, प्रत्येक वनस्पतीला लागू होईल अशी नीती लिहा."

विचार चांगला होता. हे पुन्हा सांगायला हवे, कारण पुढची गोष्ट ऐकून कुणीतरी राजालाच दोष देईल आणि आपण सुटलो म्हणेल.

नीती लिहिण्याचे काम एका वृद्ध आचार्यांकडे आले. नदी डोंगरातून मोकळी होते तिथे त्यांचा आश्रम होता. या कामासाठी त्यांनी आपला शिष्य धाकू याला जवळ बसवले, कारण तो खाडीकाठचाच होता, ऐलकाठच्या उंडीवाडीचा. आई लहानपणीच गेली तेव्हा थोरल्या बहिणीने त्याला वाढवले होते. तिचे नाव भागीरथी. तो तिला आक्का म्हणे. पुढे तिचे लग्न पैलकाठच्या सुरंगवाडीत झाले आणि हा आश्रमात आला. बुद्धी तल्लख, अक्षर सुरेख, आणि मनात एक सल असा की आपण इथे सावलीत बसून शास्त्रे वाचतो आणि आक्का तिकडे गुडघाभर चिखलात उभी असते. हे काम हाती आले तेव्हा धाकूला वाटले, आपण शिकलो ते याचसाठी.

पहिल्याच बैठकीत आचार्यांनी विचारले, "धाकू, तुमच्याकडे खारसाळीचं बी कुणाचं असतं?"

"सगळ्यांचं, गुरुजी."

"मग तसंच लिहूया का?"

धाकू हसला. "गुरुजी, सगळ्यांचं म्हटलं की राजसभेत त्याचा अर्थ कुणाचंच नाही असा होतो. व्यापारी उद्या उभा राहील आणि म्हणेल, सगळ्यांचं आहे ना, मग माझंही आहे. वाटा मागायचा तर मागणारा कोण ते आधी ठरायला हवं."

मुद्दा बिनतोड होता. आचार्यांना त्यावर उत्तर सुचले नाही. उत्तर सुचले नाही म्हणजे समोरचा बरोबरच आहे असे नसते, हे त्यांनी कितीतरी शिष्यांना शिकवले होते. त्या दिवशी ते स्वतःच विसरले.

असे करत नीती लिहून झाली. भाषा निर्मळ, हेतू उदात्त. ज्या गावाचे बी, त्या गावाचा वाटा. प्रत्येक गावाने आपले अस्सल बी मडक्यात घालून राजमुद्रेच्या मोहोरेने बंद करून द्यावे. राजाचे परीक्षक ते व्यापाऱ्याच्या भाताशी ताडून पाहतील. आणि निकाल लागेपर्यंत कोणत्याही गावाने आपल्या बियात दुसऱ्या गावचे बी मिसळू नये, म्हणजे दावा स्वच्छ राहील. हे शेवटचे कलम धाकूच्या डोक्यातून निघाले होते. अमात्यांनी त्याची पाठ थोपटली.

आता खाडीकाठचा एक रिवाज सांगितला पाहिजे. धाकूला तो चांगला ठाऊक होता, तरी लिहिताना त्याने तो हिशेबात धरला नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मोठी ओहोटी लागते आणि खाडीच्या मधोमध वाळूचा एक लांबट दांडा उघडा पडतो. दोन्ही काठांची गावे आपापले बी घेऊन होड्यांतून त्या दांड्यावर येत. चटया अंथरल्या जात, आणि सगळ्यांचे बी एकाच राशीत ओतले जाई. बायका ती रास हातांनी खालीवर करत. मग ज्याच्या शेताला जेवढे लागेल तेवढे त्याने टोपलीत भरून न्यायचे. कोणी किती आणले हे कुणी बघत नसे. ज्याचा बांध फुटून पीक बुडाले असेल तो रिकामी टोपली घेऊन येई आणि भरलेली घेऊन जाई. त्याला कुणी काही विचारत नसे आणि तोही कुणाचे आभार मानत नसे. पाणी चढू लागले की दांडा मोकळा. याला ते पालट म्हणत. या काठचे बी त्या काठाला जावे, त्या काठचे या काठाला यावे, एका जागी राहिले की ते थकते, एवढेच त्यामागचे सांगणे होते.

लहानपणी धाकूला पालट म्हणजे जत्रा वाटे. शास्त्रे शिकल्यावर त्याला त्या आठवणीने अवघडल्यासारखे व्हायचे. इतक्या मोलाची वस्तू, आणि तिची अशी सरमिसळ! व्यापाऱ्याचे फावले ते यामुळेच, असे त्याचे पक्के मत झाले होते.

नीती जाहीर करायला तो स्वतः खाडीवर गेला. धक्क्यावर दोन्ही काठांची माणसे जमली. आपल्या भाताचे नाव राजसभेत निघाले, आपल्या मुलाने ते काढले, म्हणून म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. कुणी नारळ फोडला. मग धाकूने सांगितले की यंदा पालट होणार नाही.

आक्का पुढेच बसली होती. तिने विचारले, "मंग पेरायचं काय रं?"

"ज्याचं त्याने. आपापलं."

"आनि ज्याचा बांध फुटंल त्यानं?"

"एक-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, आक्का. निकाल लागला की सगळ्यांनाच वाटा मिळेल. फुटलेले बांध दगडाने बांधता येतील. तुझ्या शेतात पुन्हा कधी पाणी शिरणार नाही."

आक्काला पटले नव्हते, हे तिच्या तोंडावर दिसत होते. पण ज्याला आपण भरवून वाढवला तो आता शहाणा झाला आहे, असे मानायला बहिणीला फार आवडते. तिने मान डोलावली, आणि तिने डोलावली म्हणून सुरंगवाडीने डोलावली.

त्या वर्षी वाळूचा दांडा उघडा पडला आणि कुणाचे पाऊल न लागता पुन्हा बुडाला. मोहोरबंद मडकी बैलगाडीतून आश्रमात आली. आश्रम कुणाच्याच बाजूचा नव्हता म्हणून ती तिथल्या कोठीत ठेवायची ठरली. धाकूने ती ओळीने मांडली, प्रत्येकावर गावाचे नाव घातले आणि कोठीची किल्ली कमरेला लावली.

मग परीक्षा सुरू झाली. राजाचे परीक्षक विद्वान होते, आणि विद्वान माणसाला एकदा विषय सापडला की तो त्याला सहजी सोडत नाही. कुसळाची लांबी मोजावी की रंग पाहावा, यावर दोन पक्ष पडले. वाडी हे गाव की गावाचा भाग, यावर एक वेगळी सभा बसली. मध्येच अमात्य बदलले, आणि नव्या अमात्यांनी सगळे पहिल्यापासून समजून घेतले.

इकडे खाडीवर प्रत्येक गावाला आपला पूर्वज आठवू लागला. उंडीवाडीच्या पूर्वजाला खारसाळ समुद्रातून वाहत आलेल्या पेंढीत सापडली होती, तर सुरंगवाडीच्या पूर्वजाला ती देवीने स्वप्नात येऊन दाखवली होती. याआधी या कथा कुणी ऐकल्या नव्हत्या, पण आता त्या फार जुन्या होत्या. खळ्यांवर राखण बसली. लेक पलीकडच्या काठावर नांदायला निघाली की तिच्या ओटीत घातलेले तांदूळच आहेत ना, त्यात भाताचा दाणा नाही ना, हे बघायला गावचा माणूस उभा राहू लागला. ज्या लोकांनी आजवर एकमेकांच्या टोपलीत डोकावून पाहिले नव्हते, ते आता बायकांच्या ओटीत डोकावू लागले.

दुसऱ्या पावसाळ्यात उधाणाने सुरंगवाडीचा बांध फुटला. आक्काचे शेत बुडाले ते बुडालेच, ओहोटीलाही पाणी हटले नाही. लोंबीत दाणा भरायच्या आत सगळे कुजून गेले. उन्हाळा सरत आला तेव्हा ती टोपली घेऊन होडीने आपल्या माहेरी, उंडीवाडीला गेली. सख्ख्या काकाच्या अंगणात उभी राहिली. काकाने तिला पाणी दिले, गूळ दिला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बाय, तू आता तिकडची. तुला दिलं तर आमचा दावा जातो. धाकूनंच लिवलंय तसं."

म्हणून ती धाकूकडे आली. आश्रमापर्यंतची वाट तिने उन्हातून तुडवली. ओसरीवर टेकली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "एक पायली दे. तुज्या कोठीत आमच्याच गावचं मडकं हाय."

धाकूचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. पण तो म्हणाला, "आक्का, मोहोर तुटली की सुरंगवाडीचा दावा संपला. तुझ्या एका घरासाठी अख्ख्या गावाचं नुकसान कसं करू?"

"आमच्या आळीत कुनाकडंच बी नाय. पेरायलाच कोन उरलं नाय तर दावा घिऊन काय करायचा?"

"निकाल आता जवळ आला आहे. नवे अमात्य भले आहेत. फार तर हा एक पावसाळा."

आक्काने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि पुढे पुष्कळ वर्षे धाकूला तेच आठवत राहिले. "धाकू," ती म्हणाली, "भाताला निकाल कळत नाय रं. मिरग आला की त्याला मातीत जायाचं असतं."

"जेवून तरी जा."

"नको. पोरं घरी हायत."

ती गेली. आचार्यांनी आतून हे ऐकले होते. संध्याकाळी त्यांनी विचारले, "ती काय मागत होती?"

"बी."

"दिलंस?"

"नियम आहे, गुरुजी."

"हो. आपणच केलेला," आचार्य म्हणाले. कोठी हाकेच्या अंतरावर होती आणि किल्ली धाकूच्या कमरेला होती. उठून मोहोर तोडावी असे दोघांच्याही मनात आले असेल. पण कुणी उठले नाही. गुरूला वाटले शिष्य उठेल, शिष्याला वाटले गुरू सांगतील.

त्या वर्षी आक्काचे घर सुरंगवाडी सोडून गेले. तिच्यासारखी आणखी किती तरी घरे गेली. कुठे गेली तर त्याच व्यापाऱ्याच्या खाजणात, मजुरीवर लावणी करायला. आपल्याच भाताची रोपे परक्याच्या चिखलात लावायची, आणि भाकरी मात्र दुसऱ्याच कसल्या पिठाची खायची.

मागे राहिलेल्यांनी आपापले पेरले. पहिले एक-दोन हंगाम काही कळले नाही. मग दाणा हलका येऊ लागला, लोंब्या निम्म्या पोकळ निघू लागल्या. नंतर करपा पडला. पूर्वीही करपा पडायचा, पण एका काठावर पडला तर दुसरा काठ उभा असायचा आणि पालटीला बी मिळायचे. आता ज्याचे गेले त्याचे कायमचेच गेले. गावामागून गाव असे विझत चालले. खाजणांत मीठ फुटले. शेवटी उंडीवाडीचे उरलेसुरले शेत करपले, तेव्हा काकाने निरोप धाडला की आता सगळी भिस्त तुझ्या मडक्यांवर.

आणि त्याच सुमारास व्यापारी आश्रमात आला. धाकूने त्याला कधी पाहिले नव्हते. त्याने मनात एक माजलेला, पोट सुटलेला माणूस रंगवून ठेवला होता. आला तो थकलेला, वाकलेला म्हातारा.

"वाटा द्यायला माझी ना कधीच नव्हती," तो आचार्यांना म्हणाला. "कुणाला द्यायचा तेवढं कुणी सांगेना. आता मी वेगळंच मागायला आलोय. माझ्याकडे एकच बी, एकाच जागी, इतकी वर्षं. यंदा करपा आला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वाटा म्हणाल तेवढा घ्या, पण मला टोपलीभर ताजं बी द्या. पूर्वी दिलं होतं तसं."

आचार्यांना त्यालाही मडक्यांकडेच बोट दाखवावे लागले.

अखेर निकाल लागला. तो फारच सुंदर होता. परीक्षकांनी मान्य केले की कुसळावरून गावे वेगळी काढता येत नाहीत. खारसाळ खाडीकाठच्या सर्व गावांची आहे. सर्वांना सारखा वाटा मिळावा. आणि मडक्यांतले बी गावांना परत देऊन पालट पुन्हा सुरू करावी. सर्वांसमक्ष मोहोरा तोडण्याचा दिवस ठरला. निकाल वाचून धाकू रडला. आक्काला बोलावणे धाडताना त्याने निरोप्याला पुन्हा पुन्हा बजावले की तिला सांग, टोपली घेऊन ये.

त्या दिवशी सकाळी उखळात मुसळ पडल्याच्या आवाजाने त्याला जाग आली. आश्रमात एवढ्या सकाळी कांडण कधी नसे. तो बाहेर आला आणि जागीच थबकला. कोठीचे दार सताड उघडे होते. सगळी मडकी अंगणात आडवी पडली होती, लाखेच्या मोहोरा फुटून इतस्ततः विखुरल्या होत्या. दोन शिष्य भात कांडत होते, आणि चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात आचार्य स्वतः पळीने ढवळत होते. वाफेला खारसाळीचा वास येत होता. तो वास त्याला आईच्या आठवणीच्याही आधीपासून माहीत होता.

"गुरुजी!" धाकू ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो गुरूंवर ओरडला. "हे काय केलंत? सगळं? सगळंच?"

"सगळं," आचार्य म्हणाले.

"एवढंच उरलं होतं! सगळ्या जगात एवढंच!"

आचार्यांनी पळी खाली ठेवली आणि त्याला ओसरीवर नेले. तिथे एका फळीवर ओल्या फडक्यांच्या लहान लहान पुरचुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून सोडल्या. आतले दाणे फुगले होते, काहींना बुरशी आली होती. मोड एकालाही नव्हता.

"निकाल येणार असं कळलं तेव्हाच मी तुझ्याकडून किल्ली मागून घेतली होती. कोठी झाडायची म्हणालो होतो. प्रत्येक मडक्यातले मूठभर दाणे भिजत घातले. रोज पाहत होतो. आज ना उद्या एखादा फुटेल म्हणून." आचार्यांनी एक दाणा चिमटीत चिरडून दाखवला. "ते मेलेलं आहे, धाकू. बंद मडक्यात, दमट कोठीत बी इतकी वर्षं जगत नाही. मेलेलं बी लोकांच्या टोपलीत घालून त्यांना पेरायला लावणं मला जमेना. ते बिचारे आणखी एक पावसाळा वाट बघत बसले असते. जे उगवत नाही ते शिजवावं, एवढंच माझ्या हातात होतं."

धाकू खाली बसला. आचार्य त्याच्या शेजारी टेकले.

"आपण असं धरून चाललो की लाभ म्हणजे व्यापाऱ्याकडून येईल तो, आणि तो कसा वाटायचा ते आपण ठरवायचं. पण खाडीवर लाभाचं वाटप आधीपासून चालूच होतं. ज्याचं बुडालं त्याला मिळत होतं, आणि बी या हातातून त्या हातात जात होतं म्हणून जिवंत होतं. त्याला मालक नव्हता हीच त्याची राखण होती. आपण त्याला मालक शोधून द्यायला निघालो, आणि तो सापडेपर्यंत कुणी कुणाला काही द्यायचं नाही, असं बजावलं. वाटा ठरावा म्हणून आपण वाटणंच थांबवलं."

"मग काय व्यापाऱ्याला तसाच सोडायला हवा होता, गुरुजी?"

"नाही रे. त्याच्याकडून घ्यायलाच हवं होतं, राजाचं म्हणणं खरंच होतं. फक्त पहिलं कलम वेगळं हवं होतं. जिथे देणंघेणं चालू आहे तिथे आधी हात लावू नये. बाकीचं मग सावकाश भांडत बसता आलं असतं." आचार्यांनी पुरचुंड्या पुन्हा बांधायला घेतल्या. "हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी म्हातारा आहे, माझं तेवढंच काम होतं. आता सुचलंय, आणि आता लिहिलं तरी ते लागू करायला काही उरलं नाही."

दुपारपर्यंत माणसे जमली. अमात्यांनी निकाल वाचला. राजाच्या माणसांनी प्रत्येक गावाचा वाटा त्या गावाच्या हाती दिला, व्यापाऱ्याने काचकूच न करता तो पुरवला, कुणावर अन्याय झाला नाही. मग मडक्यांचे काय झाले ते आचार्यांनी उभे राहून सांगितले, आणि सगळा दोष स्वतःकडे घेतला. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते. माणसे आपापल्या जागी नुसती बसून राहिली.

आक्का उशिरा पोचली. दूरच्या खाजणातून चालत आली होती. आचार्यांचे बोलणे तिने ऐकले नव्हते. तिच्या काखेला टोपली होती. केस पांढरे झाले होते, आणि ती बरीच वाळली होती. धाकूने तिला पंगतीत बसवले आणि द्रोणात लाल पेज वाढली. कसे सांगावे ते त्याला कळेना, म्हणून तो आधी वाढून मोकळा झाला.

तिने एक घोट घेतला आणि थांबली. पुन्हा एक घेतला. तिचा चेहरा एकदम उजळला. धाकूने तो तसा लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"आपलीच हाय," ती म्हणाली. "अरं, आपलीच खारसाळ हाय ही!" मग तिने द्रोण खाली ठेवला आणि कुठल्याही घरची बाई सवयीने विचारील तसे विचारले, "बियाला ठेवलंस ना रं थोडी?"

धाकूपाशी पुष्कळ शब्द होते. त्याने त्या शब्दांनी राज्याची नीती लिहिली होती. "नाही, आक्का," तो म्हणाला. "नाही उरली."

तिने आजूबाजूला पाहिले. माना खाली घालून बसलेली दोन्ही काठांची माणसे तिला दिसली, आणि तिला कळायचे ते कळले. ती रडली नाही. द्रोण उचलून तिने सावकाश शेवटच्या शितापर्यंत संपवला.

"आणखी वाढू?" धाकूने विचारले.

"मला नको. ज्यांना मिळाली नाय त्यांना वाढ आदी."

तेव्हा त्याला सगळे कळले. गुरूंच्या बोलण्यातून जे अर्धेच कळले होते, तेही. तो उठला आणि पातेले घेऊन पंगतीत फिरू लागला. हे गाव, ते गाव, व्यापारी, अमात्यांचे शिपाई, समोर येईल त्याला वाढत गेला. पंगतीच्या टोकाला पातेले रिकामे झाले, आणि खारसाळ संपली.